सहा मिनिटांचा अंधार, तबल्याची शाई आणि खोडदच्या तबकड्या

या महिन्यात पत्रं आणि मेसेज मिळून इतके आलेत की नुसतं निवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पावसावरचे सगळ्यात जास्त, मग बिबट्या, मग पाणी. मला एक गोष्ट फार आवडली, बऱ्याच जणांनी "हे खरं का" एवढ्यावर सोडलं नाही, "खरं की खोटं ते आमचं आम्हाला कसं कळेल" असंही विचारलंय. मग या वेळी जिथे जमेल तिथे तेही सांगते, त्यासाठी लागणाऱ्या वस्तू बहुतेक घरातच असतात.

ताई, "२ ऑगस्टला सगळं जग सहा मिनिटं अंधारात बुडणार, शंभर वर्षांत असं झालं नाही" हा मेसेज मला आत्तापर्यंत पाच जणांनी पाठवलाय. नातू म्हणतो खोटं आहे, पण का खोटं ते त्याला सांगता येत नाही.
— एक आजोबा, सदाशिव पेठ

आजोबा, नातू बरोबर आहे, पण या मेसेजमध्ये एक धागा खरा आहे म्हणूनच तो मरत नाही. २ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण आहे, फक्त ते २०२७ सालच्या २ ऑगस्टला, आणि सहा मिनिटांचा आकडाही खरा आहे, इजिप्तमध्ये लक्सरच्या जवळपास सूर्य ६ मिनिटं २३ सेकंद पूर्ण झाकलेला असेल. २०२५ च्या जुलैत हा मेसेज जोरात फिरला तेव्हा कुणीतरी वर्ष गाळलं आणि लक्सरच्या जागी सगळं जग घातलं.

सगळं जग एकदम अंधारात जाऊच शकत नाही, कारण चंद्राची गडद सावली पृथ्वीवर पडते ती त्या दिवशी जेमतेम अडीचशे किलोमीटर रुंदीची असणार, म्हणजे साधारण पुणे ते कोल्हापूर. ही सावली स्पेनच्या दक्षिण टोकावरून मोरोक्को, अल्जीरिया, लिबिया, इजिप्त करत सौदी अरेबिया, येमेन, सोमालियाकडे सरकत जाईल. पुण्यात आपल्याला दिसलं तर खंडग्रास दिसेल, दुपार कलल्यावर, तेही ऑगस्टातल्या ढगांनी वाट दिली तर.

आता नातवाला का ते सांगायचंय ना, तर २०२५ चं कॅलेंडर रद्दीत दिलं नसेल तर काढा. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, चंद्र सूर्य आणि आपल्या मध्ये आल्याशिवाय ते होणार कसं. त्या वर्षी दीप अमावास्या २४ जुलैला आणि राखी पौर्णिमा ९ ऑगस्टला, म्हणजे २ ऑगस्टला शुक्ल पक्ष निम्म्याहून जास्त सरलेला होता आणि चंद्र आकाशात सूर्यापासून चांगला लांब होता. भिंतीवरच्या कॅलेंडरने एका मिनिटात निकाल लागतो, पुढच्या वेळी मेसेज आला की आधी तिथी बघायची.

आणि एक सांगायचं राहवत नाही. २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, उत्तर भारतात खग्रास होतं आणि पुण्यात सकाळी खंडग्रास. तेव्हा मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, सुट्टी असूनही वीसेक मुलं आली होती, आम्ही पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घेत होतो. तेवढ्यात एक मुलगी ओरडली मॅडम खाली बघा, तर कडुलिंबाखाली पानांच्या फटींतून पडलेले शेकडो कवडसे सगळेच्या सगळे कोरीच्या आकाराचे झालेले. आमचे शिपाईमामा ग्रहणात बाहेर येणार नाही म्हणून खोलीत बसले होते, ते कवडसे बघायला म्हणून आले आणि ग्रहण सुटेपर्यंत झाडाखालीच उभे राहिले. सूर्याकडे थेट बघायचं नाही, काळ्या गॉगलने किंवा एक्सरेच्या फिल्ममधूनही नाही, ग्रहणाचे खास चष्मे मिळतात तेच वापरा, पण झाडाखाली उभं राहायला काही लागत नाही.

मी तबला शिकते आणि पथकात ढोलही वाजवते. तबला गायकाच्या सुरात लावता येतो, मग ढोल का नाही लागत? दुसरं म्हणजे आई म्हणते ढोलाने कान जातील, हे खरं का?
— पथकातली एक मुलगी, नारायण पेठ

किती छान प्रश्न विचारलास, यावर मी पानंच्या पानं लिहू शकते.

तंबोऱ्याची तार छेडली की ती एकाच वेळी अनेक प्रकारे हलते. मूळ कंपन, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, असे पूर्ण पटीतले स्वर एकदम निघतात, आणि ते पटीत असल्यामुळे कानाला सगळं मिळून एकच सूर वाटतो. ताणलेल्या कातड्याचं तसं नाही. सगळीकडे सारख्या जाडीचं गोल पान घेतलं तर मूळ कंपन १ धरल्यावर पुढची येतात ती १.५९, २.१४, २.३० अशी वेडीवाकडी, कशाचा कशाला मेळ नाही. कानाला त्यातून सूर सापडत नाही, फक्त दणका ऐकू येतो. ढोलाचं हेच आहे, आणि मिरवणुकीत आपल्याला तो दणकाच हवा असतो त्यामुळे त्यात वाईट काही नाही.

तबल्यावर मधोमध जी शाई आहे तिने हे सगळं बदललं. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ असं मिश्रण थरावर थर चढवायचं, प्रत्येक थर दगडाने घोटायचा, मध्ये जाड आणि कडेला पातळ ठेवायचा, आणि घोटता घोटता त्यात बारीक भेगा पडू द्यायच्या म्हणजे पुडी, म्हणजे वाजवायचं कातडं, कडक होत नाही. या वजनामुळे ती वेडीवाकडी कंपनं सरकून जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा पटीत येऊन बसतात. कातड्याला तारेसारखं बोलायला लावलंय, आणि हे ज्या कारागिरांनी शोधलं त्यांनी ते कुठलंही समीकरण न मांडता, फक्त कानाने शोधलंय.

हे मापून दाखवलं ते सर सी. व्ही. रामन यांनी. प्रकाशावरचं त्यांचं काम सगळ्यांना माहीत असतं, २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध, १९३० चं नोबेल, पण त्याच्याही आधी १९२० साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर 'नेचर'मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर टिपण छापलं होतं, आणि १९३४ मध्ये परत सविस्तर लिहिलं. पुडीवर बारीक वाळू टाकायची आणि वाजवायचं, जिथे कातडं हलत नाही तिथे वाळू गोळा होते आणि कुठलं कंपन चालू आहे त्याचा नकाशाच समोर तयार होतो. त्यांना नऊ प्रकारची कंपनं सापडली आणि ती नऊच्या नऊ पाच सुरांमध्ये गोळा झालेली होती. तू चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, "ना" वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवतेस ना, गुरुजींनी पहिल्या महिन्यात शिकवलं असेल, ते बोट मूळ कंपन दाबतं म्हणून वरचा सूर स्वच्छ निघतो. बोट उचलून तेच वाजवून बघ, फरक लगेच ऐकू येईल. डग्ग्याची शाई मधोमध नसून एका बाजूला का असते ते गुरुजींना विचार आणि मलाही कळव त्यांनी काय सांगितलं ते, मला ऐकायचंय.

आता कान. आईचं म्हणणं मनावर घे. डेसिबलचं माप असं आहे की दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते, म्हणजे निवासी भागात दिवसाची कायद्यातली मर्यादा ५५ आहे आणि तुमच्या आसपास ८५ भरले तर ऊर्जा हजारपट झाली. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आठ तास चालतात असं साधारण धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करत जायची. हिशोब केलास तर १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. तुमचा सराव नदीपात्रात ऑगस्टभर रोज दोन-दोन तास चालतो. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांच्या पेशी आवाज पकडतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत, आणि सुरुवातीला कळतही नाही, फक्त रात्री अंथरुणात पडल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते. ती शिट्टी ऐकू आली असेल तर तो इशारा समज.

ढोल सोडू नकोस. दुपारच्या उन्हात लक्ष्मी रोडवर एका लयीत पन्नास टिपरू पडतात तेव्हा अंगावर काटा येतो, मी लहानपणापासून दरवर्षी जाऊन उभी राहते. पण केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात ते घाल, पथकातल्या सगळ्यांना घालायला लाव, लय त्यातूनही नीट ऐकू येते. आणि स्पीकरच्या भिंती लावणाऱ्यांना मी मनापासून सांगते, माणसाच्या हाताने वाजणारा ढोल दमतो, थांबतो, स्पीकर थांबत नाही, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांत म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं असतात.

आमच्याकडे २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे पेशंट निघाले तेव्हापासून पाण्याची भीतीच बसलीय. घरी आरओ आहे, तरी उकळायचं का? आणि पाण्याने पाय लुळे पडतात हे कसं काय?
— एक गृहिणी, धायरी

ताई, भीती बसणारच. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, त्या दोन महिन्यांत संशयित आणि खात्री झालेले मिळून दोनशेच्या वर पेशंट झाले आणि त्यात लहान मुलंही होती.

पाय लुळे पडतात ते पाण्याने नाही आणि खरं तर जंतूनेही थेट नाही. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू पोटात जातो, जुलाब होतात, बहुतेक जण आठवड्यात बरे होतात आणि विसरून जातात. या जंतूच्या अंगावर जे साखरेसारखे रेणू असतात ते आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. जंतूला मारायला शरीराने जी शस्त्रं तयार केली ती काही थोड्या लोकांमध्ये चुकून स्वतःच्या मज्जातंतूंवरच चालायला लागतात. म्हणून जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनी अचानक पायात मुंग्या, मग जिने चढता न येणं, मग अशक्तपणा वर वर सरकत जाणं. या आजाराचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांपैकी गियाँ आणि बारे यांची नावं त्याला मिळाली, १९१६ साली.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे शेजारच्या घरातला मुलगा हॉस्पिटलमधून परत आला असेल तर त्याच्याशी मुलांना खेळू द्या, त्याला त्याची गरज आहे. उपचार आहेत, इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलतात, आणि बहुतेक जण चालायला लागतात, पण काहींना महिने लागतात. दोन्ही पायांतली ताकद जातेय असं वाटलं तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचलं तर व्हेंटिलेटर लागतो.

आरओचं म्हणाल तर मशीन चांगलं चालू असताना जंतू अडतात, पण मेम्ब्रेन फाटलं, सर्व्हिसिंग राहिलं, किंवा गाळलेलं पाणी ज्या टाकीत साठतं तीच घाण असली तर काय. त्यापेक्षा पाणी खळखळ उकळू द्या, बुडबुडे फुटायला लागल्यावर वर एक मिनिट, हा जंतू तेवढ्यात मरतो. सोसायटीची टाकी कधी धुतली ते विचारा, टँकर येत असेल तर क्लोरीन घातलंय का विचारा, संकोच करू नका. आणि चिकन नळाखाली धुवायची सवय असेल तर सोडा, त्या उडणाऱ्या थेंबांनी शेजारची कोशिंबीर खराब होते.

हवामान खात्याचा अंदाज कधीच बरोबर येत नाही. हडपसरला मुसळधार सांगितलं, आम्ही छत्र्या घेऊन फिरलो, थेंब नाही. त्याच दिवशी कात्रजला रस्त्यात गुडघाभर पाणी. मग एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरचा उपयोग काय?
— एक नोकरदार, हडपसर

तुमचा राग मला कळतो, पण तुमच्याच पत्रात उत्तर आहे. त्या दिवशी पाऊस आला होता, फक्त तुमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर.

कॉम्प्युटर आकाशाचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनासाठी वारा, बाष्प, तापमान, दाब यांचं गणित सोडवतो. आधी हे चौकोन १२ किलोमीटरचे होते, २०२५ च्या मे महिन्यात 'भारत फोरकास्ट सिस्टीम' आली तेव्हापासून ६ किलोमीटरचे झाले. हे मॉडेल आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झालंय आणि त्यासाठीचा 'अर्का' हा सुपरकॉम्प्युटरही तिथेच आहे. पण मे-जूनमधला वळवाचा ढग कधीकधी दीड-दोन किलोमीटरचाच असतो, तो सहा किलोमीटरच्या चौकोनात हरवून जातो, जसं मोठ्या भोकाच्या चाळणीतून रवा. शिवाय सुरुवातीचं माप थोडं चुकलं तरी दोन-तीन दिवसांत चित्र पार बदलतं, म्हणून एकच गणित थोड्या थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा चालवतात आणि किती वेळा पाऊस आला ते मोजतात. ७० टक्के शक्यता म्हणजे दहातल्या तीन वेळा येणार नाही हे आधीच सांगितलेलं असतं.

त्यात आपलं गाव सह्याद्रीच्या आडोशाला. ताम्हिणी, लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस, आणि ढग घाट उतरून इथे येईपर्यंत रिकामे झालेले, पुण्याच्या वाट्याला साडेसातशेच्या आसपास. साठ-सत्तर किलोमीटरमध्ये एवढा उतार ज्या गावात आहे तिथे पेठ आणि उपनगर यात फरक पडणारच.

मोठ्या पट्ट्याचं मात्र बरंच जमतं. २०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मेला आला, नेहमीची तारीख १ जून, आणि २६ मेला तो पुण्या-मुंबईत होता, आणि केरळात लवकर येणार हे खात्याने दोन आठवडे आधी सांगितलं होतं. तुम्ही एक करा, रोजच्या बातमीतला "मुसळधार" शब्द सोडा आणि रंग बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. घरून निघायच्या आधी पुढच्या तीन तासांचा अंदाज बघा, तो रडारवर आधारलेला असतो आणि बराच खरा ठरतो. शेतावर किंवा टेकडीवर जाणाऱ्यांनी 'दामिनी' ॲप ठेवा, तेही आयआयटीएमचंच, वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. शिवाजीनगरला बसमधून "सिमला ऑफिस" म्हणून तुम्ही उतरत असाल, त्या नावामागे हेच आहे, १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. त्या इमारतीत आजही माणसं रात्रभर जागी असतात.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगमध्ये बसलेल्या बिबट्याचा फोटो आला. रात्रभर कुणी झोपलं नाही. सकाळी कळलं एआयने बनवलेला. आता पुढच्या वेळी खरा असला तर कोण विश्वास ठेवणार?
— सोसायटीच्या कमिटीतले एक, बावधन

तुम्ही शेवटी जे लिहिलंय तीच माझीही काळजी आहे. फोटो निरखून आता फारसा उपयोग नाही, पूर्वी बोटं सहा असायची, सावल्या उलट्या असायच्या, हल्ली त्या चुका कमी झाल्यात. फोटोपेक्षा माणूस विचारा. कुणी काढला, कुठून काढला, किती वाजता, त्याच कॅमेऱ्यातला आधीचा-नंतरचा फोटो आहे का, सीसीटीव्हीत काय दिसतं. पहिल्या हाताने पाहिलेलं एकही माणूस सापडलं नाही तर पुढे पाठवायचं नाही. आणि शंका असली तर वनविभागाचा १९२६ नंबर आहे, ग्रुपवर टाकायच्या आधी तिथे फोन करा.

खरा बिबट्या येऊ शकतो हेही विसरू नका. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागात केलेला अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थक्क झाले होते, जंगल नाही, ऊस आणि वस्ती, दर चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं, आणि शंभर चौरस किलोमीटरमध्ये साधारण पाच मोठे बिबटे मुकाट राहतायत, मुख्य खाणं कुत्री. जुन्नरचा त्यांचा अभ्यास तर त्याहून महत्त्वाचा, बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं. म्हणून "पकडून न्या" हा मोर्चा काढण्याआधी पार्किंगमागचा उघडा कचरा आणि त्यावर जमणारी कुत्री यांचं बघा, दिवे लावा, पोरांना अंधार पडल्यावर एकटं सोडू नका. ज्या गावांत माणसं गेली त्यांचं दुःख मला कळतं, आणि म्हणूनच जे उपाय चालतात तेच व्हावेत असं वाटतं.

मराठी अभिजात झाली, त्याने आम्हाला काय मिळालं?
— एक विद्यार्थी, फर्ग्युसन रोड

३ ऑक्टोबर २०२४ ला दर्जा मिळाला, बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृतबरोबर. संशोधनाला, अध्यासनांना पैसे मिळायचा रस्ता उघडला. पण तू एकदा नाणेघाटात जा. जुन्नर तालुक्यात सातवाहनांच्या काळातली ती गुहा आहे, भिंतीवर ब्राह्मीत कोरलेला प्राकृत लेख, यज्ञात किती गाई किती नाणी दिली त्याचे आकडे लिहिलेत, देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी ते आहेत. आपल्या भाषेच्या आजीने दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर हिशोब लिहिलाय. आणि जयंत नारळीकर केंब्रिजहून परत आल्यावर मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने मराठीत विज्ञानकथा पाठवतात, आपलं नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून. २० मे २०२५ ला ते गेले त्या दिवशी मी ते जुनं आठवून खूप वेळ नुसती बसले होते. तुझ्या विषयातली एक गोष्ट मराठीत नीट लिही आणि मला पाठव, मी वाचेन.

मॅडम, मी आठवीत आहे. ३आय/ॲटलस हे एलियनचं यान आहे आणि त्यातून रेडिओ सिग्नल आला असं एका व्हिडिओत होतं. खोडदची दुर्बीण तसा सिग्नल पकडू शकते का? आणि मला ती बघता येईल का?
— एक मुलगी, कर्वेनगर

बाळा, सिग्नलची बातमी अर्धी खरी आहे. हा धूमकेतू चिलीतल्या ॲटलस दुर्बिणीने १ जुलै २०२५ ला शोधला, आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून आलेला हा फक्त तिसरा पाहुणा, आधीचे २०१७ आणि २०१९ मध्ये. बाहेरचा आहे हे वेगावरून कळतं, तो सेकंदाला साठेक किलोमीटरने आला, एवढ्या वेगाला सूर्य बांधून ठेवू शकत नाही. आपल्या सगळ्यात जवळ आला तो १९ डिसेंबर २०२५ ला, तेव्हाही २७ कोटी किलोमीटर लांब.

दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणींना त्याच्याकडून रेडिओ लहरींत एक खूण दिसली, पण ती कुणी पाठवलेली नव्हती. उन्हाने धूमकेतूवरचं बर्फ उडतं, पाण्याचे रेणू तुटतात, त्यातून ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी सुटते, आणि ती जोडी रेडिओ लहरींचा ठरावीक भाग गिळते. म्हणजे जी खूण दिसली ती पाण्याची होती. मला तर हेच एलियनपेक्षा जास्त भारी वाटतं, दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याजवळ गोठलेलं पाणी आपल्या सूर्याच्या उन्हात वाफ होऊन उडताना आपण पाहिलं.

आता खोडद. नारायणगावजवळ, पुण्याहून साधारण ८० किलोमीटर. ही जीएमआरटी, रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण. तिथे ३० तबकड्या आहेत, प्रत्येक ४५ मीटर रुंद, त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या, एकूण पसारा २५ किलोमीटरचा. सगळ्या एकत्र ऐकतात तेव्हा २५ किलोमीटरच्या एका कानासारखं काम होतं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही कल्पना मांडली. एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली असती तर वाऱ्याने उलथली असती आणि खर्चही झेपला नसता, म्हणून त्यांनी बारीक स्टीलच्या तारांची जाळी ताणून बसवली. तू दुरून बघशील तेव्हा तबकडीच्या आरपार डोंगर दिसेल. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी भिंतीसारखी वाटते, आणि वारा मात्र निघून जातो. रेडिओला ढग आणि दिवस-रात्र आड येत नाहीत, त्यामुळे ती भर पावसात दुपारीही चालते.

२०२३ च्या जूनमध्ये तर तिने फार मोठं काम केलं. आकाशात पल्सार नावाचे तारे घड्याळासारखे ठोके देतात. जगभरच्या दुर्बिणींनी वर्षानुवर्षं ते ठोके मोजले, आणि त्यात अगदी बारीक पुढेमागे होणं सापडलं, जणू अवकाशच हळूहळू ताणलं आणि आवळलं जातंय. त्या मोजमापात खोडदचे ठोके होते.

बघता येईल. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ती सगळ्यांसाठी उघडी असते, गावोगावच्या शाळा आपापले प्रयोग मांडतात, तुझ्यासारखी शेकडो मुलं असतात. आईबाबांना सांग, किंवा शाळेच्या सरांना सहल काढायला सांग. पहाटे निघा, पाणी आणि डबा बरोबर घ्या, टोपी विसरू नका, फेब्रुवारीअखेर तिथे ऊन चढतं. आणि आत गेल्यावर मोबाईल बंद कर, नुसता सायलेंट नाही, पूर्ण बंद, कारण तुझ्या फोनचा आवाज त्या तबकड्यांना कुठल्याही आकाशगंगेपेक्षा मोठा ऐकू येतो.